टच स्क्रीनचा मॅकबुक प्रो येणार म्हणतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"नवीन लॅपटॉप घ्यायचाय, पण ओएलईडीवाला मॅकबुक येतोय म्हणे. थांबू का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलेली बरी. ॲपलने या लॅपटॉपची घोषणा केलेली नाही. म्हणून खाली जिथे माहिती पक्की आहे तिथे ती तशीच लिहिली आहे, जिथे कोणी सांगितलंय तिथे सांगणाऱ्याचं नाव दिलंय, आणि जिथे माझा तर्क आहे तिथे तो तर्क म्हणूनच वाचा.

नेमकं काय येणार आहे म्हणतात?

ॲपलच्या आतल्या बातम्या देणारे ब्लूमबर्गचे मार्क गुरमन यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार मॅकबुक प्रोचं पुढचं मोठं रूप असं असेल: ओएलईडी पडदा (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो), तोही बोटाने चालणारा, नॉचऐवजी (म्हणजे वरच्या कडेला कॅमेऱ्यासाठीच्या काळ्या खाचेऐवजी) कॅमेऱ्यापुरतं छोटं भोक, सध्यापेक्षा पातळ आणि हलकी बॉडी, आत एम६ मालिकेची चिप. वेळ २०२६ चा शेवट किंवा २०२७ ची सुरुवात. त्याच्या महिनाभर आधी विश्लेषक मिंग-ची कुओ यांनीही ओएलईडी मॅकबुक प्रोला टच असेल आणि उत्पादन २०२६ च्या अखेरीस सुरू होईल असं म्हटलं होतं. एक वार्ताहर आणि एक पुरवठा साखळीचा अभ्यासक, दोघांची सूत्रं वेगळी आणि तरी चित्र एकच. म्हणूनच ही चर्चा मी मनावर घेतली.

या बातम्यांवर विश्वास ठेवायचा का?

बातमी कुठून फुटली ते आधी बघायचं. २०२१ च्या मॅकबुक प्रोचं उदाहरण मला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण त्या एका लॅपटॉपच्या बाबतीत सगळ्या प्रकारच्या बातम्या आल्या होत्या.

जानेवारी २०२१ मध्येच कुओ यांनी सांगितलं होतं की टच बार (कीबोर्डच्या वरची बोटाने चालणारी पट्टी) जाणार, मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची पिन) परत येणार, बॉडी सपाट कडांची होणार. एप्रिलमध्ये तैवानच्या क्वांटा या लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीवर आरईव्हिल नावाच्या टोळीने रॅन्समवेअर हल्ला केला आणि चोरलेले आराखडे बाहेर काढले. त्यात एचडीएमआय, एसडी कार्डाची खाच आणि मॅगसेफ चक्क दिसत होते. पडद्याच्या धंद्याचे अभ्यासक रॉस यंग यांनी १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा आधीच सांगितला. १८ ऑक्टोबर २०२१ ला लॅपटॉप आला तेव्हा हे सगळं खरं निघालं. नॉचची कुणकुण मात्र शेवटच्या काही दिवसांतच लागली होती आणि बहुतेकांनी ती उडवून लावली होती. ती पण खरी निघाली.

आता उलट बाजू. त्याच वर्षी मे महिन्यात ॲपलच्या बातम्या फोडणारे जॉन प्रॉसर यांनी मॅकबुक एअरची रंगीबेरंगी चित्रं दाखवली: निळा, हिरवा, नारिंगी, पडद्याभोवती पांढरी चौकट. चित्रं इतकी सुंदर होती की लोकांनी मनातल्या मनात रंगसुद्धा निवडून टाकले. २०२२ मध्ये एम२ एअर आला तो काळ्या चौकटीचा, आणि चार गंभीर रंगांत. सपाट आकाराचा अंदाज तेवढा बरोबर आला.

यावरून माझा हिशेब असा. कारखान्यातला कागद किंवा सुटा भाग बाहेर आला असेल तर ती बातमी सगळ्यात वजनदार. नियामक संस्थांच्या नोंदी त्याखालोखाल: युरेशियन आर्थिक आयोगाकडे एन्क्रिप्शन असलेलं उपकरण विक्रीआधी नोंदवावं लागतं, आपल्याकडे लॅपटॉपना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. तिथे मॉडेल क्रमांक सापडला तर उपकरण जवळ आलंय एवढं नक्की. ते दिसतं कसं हे मात्र त्यातून कळत नाही. आणि कॉम्प्युटरवर काढलेली गुळगुळीत चित्रं ही काढणाऱ्याची कल्पना असते. त्यावर लाख-दोन लाखांचा निर्णय घेऊ नका.

ऐन २०२६ चीच तारीख का सांगतात?

तारखा याआधी चुकल्या आहेत, पण त्या चुकण्यामागचं ठोस कारण २०२६ मध्ये दूर होतंय. जानेवारी २०२३ मध्ये कुओ म्हणत होते की ओएलईडी मॅकबुक लवकरात लवकर २०२४ च्या शेवटी येईल. त्याच महिन्यात गुरमन यांनी टच मॅकसाठी २०२५ सांगितलं होतं. दोन्ही वर्षं तशीच गेली.

अडचण काचेची होती. ओएलईडी पडदे एका मोठ्या काचेवर एकत्र बनवतात आणि मग कापतात. फोनचे पडदे ज्या सहाव्या पिढीच्या काचेवर बनतात ती साधारण दीड मीटर बाय १.८५ मीटरची. फोनला ती पुरते, पण लॅपटॉपचे पडदे कापायला गेलं की काच वाया जाते आणि भाव परवडत नाही. एप्रिल २०२३ मध्ये सॅमसंग डिस्प्लेने दक्षिण कोरियातल्या आसान इथे ८.६ व्या पिढीच्या कारखान्यासाठी ४.१ लाख कोटी वॉन गुंतवण्याची घोषणा केली. त्यातली काच २.२९ बाय २.६२ मीटरची. २०२६ मध्ये उत्पादन आणि वर्षाला १४.३ इंची एक कोटी लॅपटॉप पडदे, असं कंपनीने तेव्हाच जाहीर केलं होतं. एवढे पडदे कोणासाठी, हा प्रश्न तेव्हापासून सगळे विचारत आहेत. मला २०२६ वर भरवसा वाटतो तो या कारखान्यामुळे.

आत्ताचा पडदाही उत्तम आहे. ओएलईडीने मला काय फरक पडणार?

आत्ताच्या मॅकबुक प्रोमध्ये मिनी-एलईडी आहे. पडद्यामागे बारीक दिवे असतात आणि ते दोन हजारांहून जास्त गटांत कमी-जास्त होतात. दोन हजार हा आकडा मोठा वाटतो, पण पडद्यावर पिक्सेल साठ लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे एका गटामागे जवळपास तीन हजार पिक्सेल.

हे डोळ्यांना कुठे दिसतं ते सांगतो. मी रात्री खोलीतला दिवा बंद करून एका लघुपटाची श्रेयनामावली बसवत होतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी देवनागरी अक्षरं. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, पण आपली शिरोरेघ शब्दभर सलग जाते. त्या प्रत्येक शिरोरेघेच्या वरच्या अंगाला राखाडी धुकट पट्टा दिसत होता, वेलांट्या त्यातच अर्ध्या बुडालेल्या. तीच फाइल ओएलईडी पडद्यावर लावली तेव्हा अक्षर संपलं तिथे काळं सुरू झालं. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, त्यामुळे धुकं नाही. सरकत्या मजकुराच्या मागे रेंगाळणारी सावलीही नाही, कारण पिक्सेल फार झटकन बदलतात.

दिवसा पांढऱ्या पानावर एक्सेल आणि ईमेल करणाऱ्याला हा फरक जेमतेम जाणवेल. रंगांवर, चित्रपटावर, फोटोंवर काम करणाऱ्याला पहिल्या दिवशी जाणवेल.

पडद्यावर डाग पडतील का?

भीती रास्त आहे. मॅकवर वरची मेनूपट्टी आणि खालचा डॉक तासन् तास एकाच जागी असतात आणि ओएलईडी जिथे जास्त वापरला जातो तिथे आधी मंदावतो. मे २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये ॲपलने यावर जो उपाय वापरला तोच इथे येईल असं मी धरून चालतो: प्रकाश देणारे दोन थर एकावर एक. दोघांनी भार वाटून घेतला की तेवढ्याच उजेडासाठी प्रत्येक थराला कमी वीज लागते आणि तो जास्त टिकतो. तो आयपॅड पूर्ण पडदाभर १००० निट्स (उजेडाचं माप) देतो, जे एका थराला जड गेलं असतं. तरी दहा वर्षं एकच लॅपटॉप वापरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी हा प्रश्न मी मिटला असं म्हणणार नाही. काळी थीम ठेवा, डॉक लपवून ठेवा.

ओएलईडीने माझं डोकं दुखतं. काय करू?

काही लोकांना कमी उजेडावरच्या ओएलईडीची सूक्ष्म लुकलुक खरंच सोसत नाही. मुंबईत बीकेसीला किंवा पुण्यात कोरेगाव पार्कला ॲपलचं दुकान आहे. तिथे ओएलईडी आयपॅड प्रोचा उजेड अगदी कमी करून अर्धा तास वाचत बसा. कोणी उठवत नाही.

ॲपल तर टचच्या विरोधात होती ना?

होती, आणि उघडपणे. ऑक्टोबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मंचावरून सांगितलं होतं की उभ्या पडद्याला सतत हात लावायचा म्हटलं तर थोड्याच वेळात थकवा येतो आणि बराच वेळ केलं तर हात गळून पडेल असं वाटतं; आम्ही चाचण्या केल्या, ते जमत नाही. २०१२ मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी उपमा दिली की टोस्टर आणि फ्रिज एकत्र करता येतील, पण ते वापरणाऱ्याला आवडणार नाही. ॲपलचे इतर वरिष्ठही नंतर वर्षानुवर्षं हीच बाजू मांडत राहिले.

जॉब्स चूक नव्हते, असं मला वाटतं. तुमचा लॅपटॉप मांडीवर घ्या आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्याला तर्जनीने टेकवून बघा. पडदा मागे जातो, परत येतो, दोन-तीनदा डुलतो. रेल्वेत तर दुसऱ्या हाताने तो मागून धरावा लागतो. टच असलेल्या पुष्कळ विंडोज लॅपटॉपांत हीच गोष्ट वर्षानुवर्षं तशीच आहे. म्हणून गुरमन यांच्या वृत्तात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य पडद्याबद्दलचं नव्हतं, बिजागरीबद्दलचं होतं: बोट लावल्यावर पडदा मागे सरकू नये म्हणून बिजागरी आणि पडद्यामागचा आधार मजबूत केलाय, असं ते म्हणतात. हे जमलं तर टचला अर्थ आहे. नाही जमलं तर तो पेटीवर छापायचा आणखी एक शब्द ठरेल.

पण दुसरी बाजूही खरी आहे. २०१० मध्ये कॉलेजात गेलेल्या मुलाच्या हातात आधी कॉम्प्युटर आला होता. आजच्या मुलाच्या हातात आधी फोन आला. माझी भाची माझ्या लॅपटॉपवर फोटो बघताना सरळ पडद्यालाच बोट लावून ओढते आणि काही होत नाही म्हणून माझ्याकडे बघते. कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड तसेच राहणार आहेत, बोट हा जास्तीचा मार्ग आहे. सही करायला, नकाशा सरकवायला, टाइमलाइनवर एक तुकडा पुढे ढकलायला तो मला हवा आहे.

प्रणालीकडे बघितलं तरी खुणा दिसतात. सप्टेंबर २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये बटणं मोठी, गोल आणि एकमेकांपासून सुटी झाली आहेत. ते बोटासाठीच केलंय हा तर्क माझा.

नॉच जाणार म्हणजे फेस आयडी येणार का?

मला तसं वाटत नाही. फेस आयडीला कॅमेऱ्याबरोबर प्रकाशाचे ठिपके टाकणारा आणि वाचणारा संच लागतो. आयफोनच्या बॉडीत त्याला जागा मिळते. लॅपटॉपचं झाकण त्यापेक्षा खूपच पातळ असतं. झाकण आणखी पातळ करत असताना त्यात हा संच बसवतील हे अवघड दिसतं. बोटाच्या ठशाने उघडणारा टच आयडी राहील असं समजा.

एम६ किती वेगवान असेल?

एम६ चे आकडे सांगणारा कोणीही भेटला तर त्याला कुठून मिळाले ते विचारा. आपल्याकडे पक्का आहे तो कारखान्याचा आकडा. सध्याच्या चिप ३ नॅनोमीटर पद्धतीच्या आहेत (आकडा जितका लहान तितकी पद्धत नवी), तैवानच्या टीएसएमसीने २०२५ च्या अखेरीस २ नॅनोमीटरचं मोठं उत्पादन सुरू केलं, आणि एम६ त्यावर असेल असा सर्वसाधारण अंदाज आहे. टीएसएमसीच्या म्हणण्यानुसार आधीच्या पिढीच्या तुलनेत तेवढ्याच विजेत १० ते १५ टक्के जास्त वेग, किंवा तेवढ्याच वेगाला २५ ते ३० टक्के कमी वीज. यातला "किंवा" नीट वाचा. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

लॅपटॉप पातळ करायचा असेल तर कमी विजेची बाजू ॲपल जास्त ओढेल. त्यामुळे एम४ किंवा एम५ प्रो वापरणाऱ्याला वेगाचा फार मोठा धक्का बसणार नाही. एम१ वाल्याला बसेल, पण तो त्याला आत्ताही बसेल.

पातळ झाला तर तापणार नाही का? बॅटरीचं काय?

हीच माझी खरी काळजी. २०१६ मध्ये मॅकबुक प्रो असाच पातळ केला होता. त्यात बसवलेल्या पातळ बटरफ्लाय कीबोर्डच्या कळा अडकायच्या, अक्षरं दोनदा उमटायची. जून २०१८ मध्ये ॲपलला मोफत दुरुस्तीची योजना आणावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात ५ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. २०२१ चा लॅपटॉप जाडजूड आणि पोर्टांनी भरलेला आला, तेव्हा काम करणाऱ्यांनी त्याचं स्वागत केलं ते यामुळेच. आता पुन्हा पातळपणाकडे वळताना हे विसरलं जाऊ नये.

बॅटरीसाठी एक सोपी कसोटी सांगतो. विमानात विशेष परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते. आत्ताच्या १६ इंचीत ९९.६ वॉट-तासांची आहे, म्हणजे मर्यादेला टेकलेली. तेव्हा कोणी १२० वॉट-तासांच्या बॅटरीची बातमी दिली तर ती पुढे वाचायची गरज नाही. १४ इंचीत ७२.४ आहे, तिथे जागा कमी झाली तर हा आकडा खाली जाईल आणि भिस्त चिपवर राहील. ओएलईडीचा आणखी एक हिशेब असा की काळा भाग वीज खात नाही, पांढरा खातो. दिवसभर पांढऱ्या पानावर टंकणाऱ्याला बॅटरी वाढल्याचं सुख कदाचित मिळणार नाही.

एचडीएमआय आणि एसडी कार्ड काढतील का?

काढू नयेत. लग्नाचं शूटिंग करणारा माणूस रात्री दोनला हॉलच्या मागे बसून कार्ड रिकामं करत असतो, त्याला विचारा. काढणार असल्याची विश्वासार्ह बातमी माझ्या वाचनात नाही.

सिम कार्ड टाकता येईल का?

२०२५ पासून ॲपल मोबाइल नेटवर्कला जोडणारे स्वतःचे मोडेम आयफोनमध्ये वापरते आहे, त्यामुळे अडथळा कमी झालाय. पण या मॉडेलवर मी तरी तेवढ्यासाठी डोळे लावून बसणार नाही.

भारतात किंमत किती पडेल?

थोडा हिशेब करू. एम५ चा साधा १४ इंची ऑक्टोबर २०२५ मध्ये १,६९,९०० रुपयांना आला. त्याआधीच्या एम४ प्रोच्या मॉडेलची सुरुवात १,९९,९०० पासून होती. ओएलईडी आल्यावर किती वाढते याचं जवळचं उदाहरण आयपॅड प्रो. मोठ्या आयपॅडमध्ये आधी मिनी-एलईडीच होता, किंमत १,१२,९००. ओएलईडी आला आणि ती १,२९,९०० झाली, मात्र स्टोरेजही १२८ चं २५६ जीबी झालं. लॅपटॉपचा पडदा त्याहून मोठा, वर टच आणि नवी बिजागरी. गुरमनसुद्धा काहीशे डॉलरची वाढ सांगतात. त्यात २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव चढवले आहेत. डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. दोन लाखांच्या आत हा लॅपटॉप मिळेल असं मी तरी धरणार नाही, सव्वादोनपासून पुढे धरून बसा.

आणखी एक. २०२१ मध्ये नवं रूप आधी फक्त प्रो आणि मॅक्स चिपच्या मॉडेलांना मिळालं. स्वस्तातला १३ इंची जुन्या बॉडीत, टच बारसकट, ऑक्टोबर २०२३ पर्यंत विकला गेला. यावेळीही साधा १४ इंची मागे राहण्याची शक्यता मोठी आहे.

मुलीने आर्किटेक्चरला प्रवेश घेतलाय. ती म्हणते टचवाला मॅकच घेऊ, थांबूया. थांबावं का?

ताई, नका थांबू. कॉलेज आत्ता सुरू झालंय आणि तिचं काम आत्ता आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स मॅकवर चालत नाहीत, दोन्ही फक्त विंडोजची आहेत. ऑटोकॅड, स्केचअप आणि रायनो मॅकवर चालतात, पण कॉलेजात रेव्हिट आलं की पंचाईत होईल. आधी तिच्या सीनियर मुलांना विचारा काय वापरावं लागतं, आणि मग चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा विंडोज लॅपटॉप घ्या. वाचलेल्या पैशात चांगला मॉनिटर येईल. तो पाचही वर्षं उपयोगी पडेल.

असं कधी झालंय का, की सगळे वाट बघत राहिले आणि लॅपटॉप आलाच नाही?

झालंय. जून २००३ मध्ये जी५ चिपचा पॉवर मॅक जी५ हा डेस्कटॉप आला. जॉब्स म्हणाले, वर्षभरात ३ गिगाहर्ट्झ गाठू. त्यानंतर दोन वर्षं लोक त्याच चिपच्या लॅपटॉपची, पॉवरबुक जी५ ची वाट बघत होते. पुढच्या मंगळवारी येतोय, ही तर तेव्हाची ठरलेली थट्टाच झाली होती. ती चिप इतकी तापायची की २००४ च्या सगळ्यात वेगवान डेस्कटॉपला द्रव फिरवून थंड करावं लागलं. ती लॅपटॉपमध्ये बसणार कशी? जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे वळत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २००६ मध्ये पहिला मॅकबुक प्रो आला. पॉवरबुक जी५ कधीच आला नाही. तेव्हाही आराखडा किंवा सुटा भाग कोणी दाखवला नव्हता, फक्त चित्रं होती.

मग मी थांबू की नको?

तुमचं मशीन इंटेल चिपचा मॅक असेल तर थांबू नका. टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची प्रणाली असल्याचं ॲपलने जून २०२५ मध्येच सांगितलंय. काम अडलेलं असेल तरी थांबू नका. एम१ प्रो किंवा त्यानंतरचं काही हाताशी आहे, काम नीट चाललंय, आणि तुमची भाकरी रंगांवर किंवा चित्रांवर अवलंबून आहे, तर मात्र थांबण्यात अर्थ आहे. मी स्वतः याच गटात आहे आणि थांबलोय.

आल्यावर दुकानात काय बघू?

पडदा सगळ्यांचाच छान दिसेल, त्यात अडकू नका. लॅपटॉप टेबलावरून उचलता आला तर मांडीवर घ्या, साधारण ११० अंशांत उघडा आणि वरच्या उजव्या कोपऱ्याला बोटाने जरा दाबा. किती डुलतो ते मोजा. मग झाकण एका बोटाने उघडून बघा. घट्ट बिजागरीपायी खालचा भाग उचलला जातोय का? शेवटी काळ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत आपलं नाव देवनागरीत लिहा, उजेड पूर्ण वाढवा आणि शिरोरेघेच्या वर बघा.